मामी पर्याय वाचायची

मामी गेल्याचं मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळलं. सकाळची वेळ होती, पुकारा अजून सुरू व्हायचा होता आणि मामाचा फोन आला. मामा फोनवर आधी घसा खाकरतो, मग "कुठे आहेस?" असं विचारतो आणि मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी त्याने घसा खाकरला नाही. "दिनू, ये आता," एवढंच म्हणाला. मी "येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि तिथल्याच बाकावर बसून राहिलो. खरं सांगायचं तर त्या वेळी दुःख वगैरे काही झालं नाही. दमल्यासारखं झालं. वर्षभरातल्या कोल्हापूरच्या खेपा, आंबा घाटातली वळणं, रिपोर्टची वाट बघणं, "आज जरा बरं वाटतंय" आणि "आज नको वाटतंय"... सगळं एकदम खांद्यावर येऊन बसलं. शेजारच्या वकिलाने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "मामी गेली." तो म्हणाला, "अरेरे... मामी का." त्याच्या आवाजात थोडी सुटका होती. आई नाही, बायको नाही, मामी. त्याची काही चूक नाही. नात्यांच्या रांगेत मामी बरीच मागे उभी असते. माझ्या रांगेत ती कुठे होती हे त्याला समजावून सांगायचं त्राण तेव्हा माझ्यात नव्हतं. आता महिना उलटून गेलाय. थोडं त्राण आलंय, म्हणून लिहितो आहे.

मला दिसत नाही. जन्मापासूनचं नाही, शाळेत असताना संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग दुपारचं, आणि बारावीच्या आसपास जे काही उरलं होतं तेही गेलं. आमचं गाव देवरुखच्या पुढे, रस्त्यापासून आत. कॉलेजसाठी मला रत्नागिरीला मामाकडे ठेवलं. मामा तेव्हा लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. शिफ्ट, कंपनीची बस, तिथेच चौघांत मिळून घेतलेली खोली. शनिवारी घरी यायचा, सोमवारी पहाटे निघायचा. त्यांची मुलगी स्वप्ना पुण्याला नर्सिंगला होती. त्यामुळे नाचणे रोडवरच्या त्या दोन खोल्यांत आठवड्यातले बहुतेक दिवस मी आणि मामी. मामीचं माहेर दापोलीजवळचं मुरुड. समुद्र अंगणाला लागूनच. तिला मोठ्याने बोलायची सवय होती. लाटांच्या आवाजावरून बोलावं लागायचं म्हणे. आंब्याच्या दिवसांत ती कॅनिंगला जायची, आमरसाच्या कारखान्यात. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ती दारात आली की आधी आमरसाचा वास आत यायचा आणि मग ती. तो वास लोकांना आवडतो. तिला त्याची इतकी शिसारी होती की त्या दोन महिन्यांत घरात आंबा कापलेला तिला चालायचा नाही.

बी. ए. झाल्यावर मी कायद्याला जायचं ठरवलं. त्याला प्रवेशपरीक्षा असते, संगणकावर. आमच्यासारख्यांना त्यात लेखनिक मिळतो, सगळे रायटरच म्हणतात. त्याने स्क्रीनवरचा प्रश्न वाचायचा, आपण उत्तर सांगायचं, त्याने माउसने टिचकी मारायची. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं, असा नियम होता. कॉलेजातले माझे मित्र सगळे माझ्याबरोबरच पदवीधर झालेले, म्हणजे बाद. खालच्या वर्गातली दोन मुलं 'हो' म्हणाली, आठवडाभर आली आणि मग त्यांना काही ना काही कामं निघत गेली. एक दिवस मी त्यांची वाट बघत बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मामी कामावरून आली, पाय धुतले आणि म्हणाली, "नाय येत ते. किती वेळ बसशील? मी बारावी आहे. चालते का बारावी?"

"चालते," मी म्हटलं.

"बघ, एवढ्या वर्षांनी कामाला आली."

असं ते सुरू झालं. बाकीचे विषय ती भराभरा वाचायची. कायद्याची माहिती, सामान्यज्ञान, इंग्रजीसुद्धा अडखळत का होईना. आमची गाडी अडली ती तर्काच्या प्रश्नांत. त्यातही समांतर तर्क नावाच्या प्रकारात. त्या प्रश्नांत एक छोटा युक्तिवाद दिलेला असतो आणि खाली आणखी चार. त्या चारांपैकी कोणता पहिल्यासारखाच बांधलेला आहे, ते ओळखायचं. विषय काहीही असो, बांधणी तीच हवी. पहिल्याची बांधणी चुकलेली असेल, तर उत्तरही अगदी तसंच चुकलेलं हवं. डोळस मुलं वर-खाली नजर फिरवून ताडून बघतात. मला ते पाचच्या पाच डोक्यात धरून ठेवावे लागायचे आणि चौथा पर्याय येईपर्यंत पहिला हातातून निसटलेला असायचा. मग "मामी, पुन्हा वाच." मग पुन्हा. दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला एकच प्रश्न चार-चारदा वाचायला लावायचा, हे मला जड जायचं. तिलाही जायचं, पण त्याचं कारण दुसरंच होतं. तिला ते प्रश्नच पटायचे नाहीत.

एकदा प्रश्न आला: फुटलेली होडी पाण्यात नेत नाहीत. ही होडी पाण्यात नेलेली नाही. म्हणून ही होडी फुटलेली आहे.

मामी वाचायची थांबली. "काहीतरीच काय! नारळी पुनवेच्या आधी आमच्याकडे एकसुद्धा होडी पाण्यात नसते. मग काय सगळ्या फुटल्या?"

"मामी, पर्याय वाच."

"अरे पण हे चूक आहे!"

"चूकच आहे. तशीच चूक खाली शोधायची आहे."

मग तिने पर्याय वाचले. त्यातल्या एकात होतं: आजारी माणूस कामावर जात नाही, गणपत कामावर गेलेला नाही, म्हणून गणपत आजारी आहे. तिथे ती पुन्हा थांबली, या वेळी जरा जास्तच. "हे तेच," ती हळूच म्हणाली. "होडीचंच आहे हे. फक्त होडीच्या जागी गणपत घातलाय." तिला एकदम हसू आलं. त्या दिवसापासून अशा चुकीला आमच्या घरात 'होडी' हे नाव पडलं. आणि एकदा नाव पडल्यावर मामीला ती सगळीकडे ऐकू यायला लागली. एका शनिवारी मामा घरी आला नाही. रविवारी त्याचा फोन आला, "अगं, ओव्हरटाइम असला की येता येत नाही, माहीत आहे ना तुला? नाही आलो, म्हणजे ओव्हरटाइम होता." मामी म्हणाली, "ही होडी झाली." मामा पलीकडून म्हणाला, "कसली होडी?" आम्ही दोघं इतके हसलो की त्याने रागावून फोन ठेवला. नंतर कळलं, ओव्हरटाइम खराच होता.

हळूहळू आमची एक पद्धत बसली. युक्तिवाद ऐकला की त्यातले शब्द काढून टाकायचे. होडी नको, गणपत नको. असं असेल तर तसं. तसं नाही. म्हणून असं नाही. एवढंच डोक्यात ठेवायचं आणि पर्याय एकेक करून त्यावर बसवून बघायचा. मामी त्याला सांगाडा म्हणायची. मी वाट चुकलो की तिचा आवाज चढायचा: "विषय सोड रे, सांगाडा बघ! पाण्याला पाणी दिसलं की धावलास." कारण तोच मोठा सापळा असतो. मूळ प्रश्नात पाऊस असला की एखाद्या पर्यायातही नदी नाहीतर छत्री हमखास ठेवलेली असते, आणि तो पर्याय हमखास चुकीचा असतो.

दुसरी एक अडचण मात्र मला तिला सांगावी लागली. मामी वाचताना बरोबर उत्तरावर तिचा आवाज जरा रेंगाळायचा. तिला स्वतःला उत्तर कळायला लागलं होतं, आणि कळलेलं लपवता येणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं. मी प्रश्न सोडवायच्या ऐवजी तिचा आवाज सोडवायला लागलो होतो. एका आठवड्यात माझी बहुतेक उत्तरं बरोबर यायला लागली आणि मला माहीत होतं की ती माझी नाहीत. मी तिला म्हटलं, "तू सांगतेस मला." तिला आधी राग आला. "मी? मी तोंडातून अवाक्षर काढलं नाय." मग मी तिला तिच्याच आवाजाची नक्कल करून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून ती सपाट वाचायला लागली. रेशनच्या दुकानात भावफलक वाचावा तसं. एक, दोन, तीन, चार, सगळे सारखे. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल... प्रश्न संपला की तिच्या तोंडून एक उसासा निघायचा, कळशी खाली ठेवताना निघतो तसा.

माउसचा सराव करायला आम्ही बाजारातल्या एका सायबर कॅफेत जायचो. मामी त्याला उंदीर म्हणायची. "हा उंदीर माझ्या हातात ठरत नाय रे," असं ती मोठ्याने म्हणाली की तिथली गेम खेळणारी पोरं हसायची. ती त्यांना म्हणायची, "हसा. तुमच्या आयांना आणा, बघू कोण जिंकतं."

परीक्षेच्या दिवशी आम्हाला वेगळी खोली दिली होती. आम्ही दोघं आणि एक पर्यवेक्षक बाई. पंखा करकरत होता. मामी अगदी ठरल्याप्रमाणे वाचत होती. पहिला अर्धा भाग झकास गेला. मग मी दमलो. कान दमतात, हे डोळस लोकांना सांगून पटत नाही. शेवटाकडे समांतर तर्काचा एक प्रश्न आला. धरण भरलं की दरवाजे उघडतात; दरवाजे उघडलेले नाहीत; म्हणून धरण भरलेलं नाही. पर्याय दोनमध्ये एक दुकान होतं आणि त्याच्या दारावरची पाटी: दुकान बंद असलं की पाटी उलटी असते, पाटी उलटी नाही, म्हणून दुकान बंद नाही. पर्याय तीनमध्ये होती नदी. पाऊस पडला की नदी वाढते. पाऊस पडलेला नाही. म्हणून नदी वाढलेली नाही. मी मामीला पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं, सपाट. मी म्हटलं, "तीन." ती काहीच करेना. टिचकीचा आवाज आला नाही. पंखा करकरला, पर्यवेक्षक बाईंची खुर्ची हलली. मी पुन्हा म्हटलं, "तीन, मामी." आणि मग टिचकी ऐकू आली.

रिक्षात ती गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "डोकं चढलंय, पंख्याच्या आवाजाने."

पुढे काही दिवसांनी आपण दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं संगणकावर बघायला मिळाली. माझ्यासाठी ती वाचणार कोण, तर मामीच. त्याच सायबर कॅफेत, त्याच खुर्चीवर बसून तिने एकेक उत्तर वाचलं. त्या प्रश्नाशी आली. "तुझं तीन. बरोबर दोन." तिच्या आवाजात जराही आश्चर्य नव्हतं. आधीच्या चुकांना ती "अर्र" म्हणाली होती. इथे नाही म्हणाली.

"मामी, तुला माहीत होतं?"

"होय."

"तेव्हाच?"

"होय रे. धरणाला नदी बघून धावलास तू."

"मग तू..." खरं तर काय विचारायचं होतं मला? तू दोनवर टिचकी का नाही मारलीस? निदान एकदा खाकरायचं तरी. मीच तिला महिनाभर शिकवलं होतं की आवाजातून काही सांगू नकोस. ते सगळं मला त्या वेळी आठवत होतं आणि तरीही राग आवरत नव्हता. पुढे रत्नागिरीच्या कॉलेजची यादी लागली. माझं नाव थोडक्यात राहिलं. एका प्रश्नाने राहिलं असं नाही म्हणता येणार, चुका बाकीही होत्या. पण बाकीच्या चुकांना आवाज नव्हता. या चुकीत पंख्याची करकर होती आणि उशिरा आलेली ती टिचकी होती.

मी गावी निघून गेलो. आईला कारण सांगितलं नाही. तिथे करायला काही नव्हतं; पडवीत बसून रेडिओ ऐकायचा, भात आवरणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकायचं. मामी समजूत काढायला फोन करेल असं वाटत होतं. तिने केला नाही. मामाचा आला, "काय झालं रे तुमचं? ती पण काही बोलत नाय." शेवटी मीच परत गेलो. संध्याकाळ होती. मी दारात चपला काढत होतो, तेवढ्यात ती आतून म्हणाली, "आलास? पुढल्या वर्षी बसणार आहेस का परीक्षेला?"

"बसणार आहे."

"मग आधीच सांगून ठेवते. पुढल्या वर्षीपण मी तसंच करणार. तू म्हणशील तिथेच टिचकी मारणार. चालत असेल तर बस, नायतर दुसरा रायटर बघ."

मी म्हटलं, "का पण? कुणाला कळलं असतं?"

भांडी ठेवल्याचा आवाज झाला. ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. "तुला कळलं असतं," ती म्हणाली. "एकदा मी हात मारला असता ना दिनू, की मग पुढचं कुठलंही उत्तर तुझं की माझं, हे तुला कधी कळलंच नसतं. आधीच लोक म्हणतात, ह्याला सगळं दुसरं कोणीतरी करून देतं. निदान तुला तरी माहीत पाहिजे, की तसं नाय म्हणून." मग उठता उठता म्हणाली, "आणि वाईट मला वाटलं नाय असं समजू नको. टिचकी मारताना उंदीर हलत होता नुसता."

त्यानंतर या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी झालं. कॉलेज झालं, सनद मिळाली, एका ज्येष्ठ वकिलांकडे बसायला लागलो. आता फोन मला कागद वाचून दाखवतो, भराभरा, यंत्राच्या आवाजात, त्यामुळे वाचणाऱ्या माणसाची तशी गरज राहिली नाही. वकिलीत रोज करायचं तरी काय असतं, तर जुना निवाडा काढायचा आणि आपलं प्रकरण अगदी तसंच आहे हे पटवायचं. समोरचा म्हणतो, तसं मुळीच नाही. रोज समांतर तर्कच. एकदा मामी कोर्टात आली होती, स्वप्नाच्या लग्नानंतर, काहीतरी दाखल्याचं काम काढून. मागे बाकावर बसून तिने माझं प्रकरण ऐकलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "तुझं बोलणं सपाट झालंय. जरा आवाज काढ." आणि मग माझ्या कानाशी, आख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्या समोरच्या वकिलाची होडी होती हो ती सगळी!" समोरचे वकील तिथेच उभे होते. नशीब, त्यांना काही कळलं नाही.

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. कारखान्यातल्या उभं राहण्याने, आंबट खाण्याने, वयाने... कारणं बरीच निघाली आणि तपासण्या उशिरा झाल्या. कॅन्सर होता. मग कोल्हापूर. मामा तोवर निवृत्त होऊन घरी आला होता, तो तिला घेऊन जायचा आणि जमेल तेव्हा मी जायचो. मी बरोबर जाऊन करायचो काय, हा प्रश्नच होता. ना मला सामान उचलून पुढे होता येई, ना फॉर्म भरता येत. मी तिच्या शेजारी बसायचो. घाटात गाडी वळली की तिचा खांदा माझ्या खांद्यावर यायचा आणि दर खेपेला तो हलका लागायचा. दवाखान्यात तासन्‌तास बसावं लागायचं. पहिल्या काही खेपांना ती म्हणायची, "एखादा प्रश्न घाल रे, वेळ जात नाय." मी मनाने रचून घालायचो, ती डोळे मिटून सोडवायची, डोळे मिटलेत हे तीच सांगायची, "तुझ्यासारखं करून बघतेय," असं म्हणून. किती कठीण आहे ते तिला इतक्या वर्षांनी कळलं, असं ती म्हणाली. पुढे पुढे तिसऱ्या पर्यायापर्यंत तिला झोप लागायची. मग मी प्रश्न घालायचे सोडून दिले.

मध्यंतरी तिला सारखा ताप येत होता. औषध बदललं. आठवड्याने ताप उतरला. आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, मामा डॉक्टरांना भेटून नुकताच बाहेर आला होता. त्याचा आवाज एकदम ताजा होता. "काय आहे," तो म्हणाला, "हे औषध लागू पडलं की ताप जातो. आणि ताप गेलाय. म्हणजे औषध लागू पडलंय!"

ही होडी झाली, असं म्हणायला मी तोंड उघडलं. वकिलीची सवय, दुसरं काय. पण शब्द बाहेर पडायच्या आत माझ्या दंडाला चिमटा बसला. त्या बोटांत तेव्हा फारसा जोर उरला नव्हता, पण लागला.

"होय," मामी म्हणाली. "तसंच असेल."

परत येताना साऱ्या घाटभर मामा बोलत होता. पावसाळा संपला की मुरुडला जाऊ, आठ दिवस राहू, स्वप्नालाही बोलावू. मामी "होय, होय" म्हणत होती. माझ्या डोक्यात उत्तर होतं आणि ते कुणी विचारत नव्हतं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मुरुडला जाणं झालं नाही.

शेवटचे दिवस मी लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे दुखणं येऊन गेलं त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांच्याकडे आलं नाही त्यांना कशाला सांगायचं. एवढंच, की तिचा आवाज शेवटपर्यंत ठीक होता. बारीक झाला, पण सपाट नाही झाला.

सगळं आवरल्यावर स्वप्ना पंधरा दिवस राहून पुण्याला गेली. मामाला घेऊन जात होती, तो गेला नाही. मी कोर्ट सुटलं की तिकडे जातो. तो स्वयंपाक करतो. लोट्याच्या खोलीत इतकी वर्षं केलेला असल्यामुळे त्याला येतो सगळा. आम्ही दोघं फार बोलत नाही. मागच्या आठवड्यात पानं वाढून झाली आणि मामा बसेना. उभाच होता.

"कोल्हापूरला मी ते तापाचं बोललो होतो," तो म्हणाला. "आठवतं तुला?"

"आठवतं."

"डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, आता काही उपयोग नाही म्हणून. आत जाऊन तेच ऐकून आलो होतो. बाहेर आलो, तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काय बोलणार? सुचलं ते बोललो."

मला इतकी वर्षं वाटत आलं होतं की मला आवाज ओळखता येतात. मामाचा तो ताजा आवाज मी ओळखला नव्हता.

"आणि ती लगेच 'होय' म्हणाली," मामा म्हणाला. "तीस वर्षांत इतक्या लगेच 'होय' म्हणाली नव्हती रे ती कधी. साधी भाजी आणली तरी दोन प्रश्न विचारल्याशिवाय घरात घ्यायची नाही. तेव्हाच मला कळलं, हिला कळलंय."

"मला चिमटा काढला होता तिने," मी म्हटलं. "मी बोलणार होतो."

मामा हसला की काय, नीट कळलं नाही. पाट सरकल्याचा आवाज आला, तो बसला. आम्ही जेवायला लागलो. भाताचं शेवटचं वाढून झाल्यावर त्याने माझ्या पानात दही घातलं. मग म्हणाला, "हे तिच्याच विरजणाचं आहे. ती दवाखान्यात असताना शेजारच्या वहिनींनी ठेवलं होतं. मी मोडू दिलेलं नाही, रोज लावतो. पण मला वेळेचा अंदाज येत नाही. तिला कसा यायचा कोण जाणे... आंबट झालंय का रे?"

मी खाऊन बघितलं. खूप आंबट झालं होतं.

"होय मामा," मी म्हटलं. "आंबट झालंय."

"मग साखर घे," तो म्हणाला, आणि डबा माझ्या हाताशी आणून ठेवला.